बारावीनंतर नर्सरी-पाळणाघरात अप्रेंटिस व्हायचंय? नागपुरात सुरुवात कशी करायची, सगळं एका जागी

पहिले सात महिने मी एका प्लेग्रुपमधे "ट्रेनी" होते आणि त्या सात महिन्यांचा आज माझ्याकडे एकही कागद नाही. ना करार, ना सर्टिफिकेट, पैसे पण हातात रोख मिळायचे. काम मात्र मी पूर्ण केलं, लेकरं सांभाळली, डबे भरवले, शी-शू काढली, आणि दुसरीकडे मुलाखतीला गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी विचारलं की अनुभवाचं पत्र कुठंय, तर दाखवायला काही नव्हतं. नंतर एका मोठ्या नर्सरीत रीतसर करार करून वर्षभर अप्रेंटिस राहिले, आणि आता दीड ते अडीच वर्षांच्या लेकरांचा ग्रुप माझ्याकडे आहे. माझ्या मामेबहिणीला हे सगळं समजावून सांगत होते तेव्हा वाटलं की लिहूनच टाकावं, कारण आपल्याकडे बारावी झालेल्या कितीतरी मुली या कामात येतात आणि पहिलीच पायरी चुकते.

१. आधी तीन शब्दांतला फरक समजून घ्या

हेल्पर, ट्रेनी आणि अप्रेंटिस. बोलताना सगळे एकच म्हणतात पण तसं नाहीये.

हेल्पर म्हणजे सरळ नोकरी, मावशींचं काम, पगार ठरलेला. ट्रेनी या शब्दाला कायद्यात काही आधार नाही, ज्याला जसं वाटेल तसं तो वापरतो. अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंदलेला करार, त्यात किती महिने, काय शिकवणार, किती स्टायपेंड (शिकताना दर महिन्याला मिळणारे पैसे) हे सगळं लिहिलेलं असतं आणि तो सरकारी पोर्टलवर दिसतो.

आता महत्त्वाचं. ज्या संस्थेत चारपेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिला या कायद्याखाली अप्रेंटिस ठेवताच येत नाही. ४ ते २९ असतील तर त्यांची मर्जी, आणि ३० किंवा त्याहून जास्त असतील तर ठेवावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे आपल्या ले-आऊटमधे खालच्या मजल्यावर एक मॅडम आणि एक मावशी मिळून जो प्लेग्रुप चालवतात तिथे तुम्ही कितीही मन लावून काम केलं तरी कायद्याने अप्रेंटिस होणार नाही. तिथे शिकायला मिळत नाही असं मी म्हणत नाहीये, काही घरगुती जागी तर मोठ्या शाळेपेक्षा लेकरांकडे जास्त लक्ष असतं, फक्त तुम्ही कशासाठी जाताय ते डोळे उघडे ठेवून ठरवा.

अजून एक, अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन संस्थेवर नसतं. तोंडी सांगतात "पुढे परमनंट करू", ते करारात नसेल तर धरून चालू नका.

२. जागा कुठे शोधायची

मोठ्या शाळांचे प्री-प्रायमरी विभाग, ब्रँडच्या प्रीस्कूल ज्यांच्या धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर, वर्धा रोड, मानेवाडा अशा चार-पाच शाखा असतात, हॉस्पिटलची पाळणाघरं, आणि मिहान, बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीकडच्या कंपन्या. कंपन्यांचं कसं आहे, २०१७ मधे मातृत्व लाभ कायद्यात बदल झाला तेव्हापासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडे जाऊ द्यावं लागतं. कंपनीच्या पाळणाघरात काम करणार असाल तर या चार भेटी डोक्यात ठेवा, लेकरू शांत झालं की आई येते, ती गेली की परत रडारड, आणि ती रडारड सांभाळणं हेच तुमचं निम्मं काम.

जाण्यायेण्याचा हिशोब आधी करा. मेट्रोने खापरी किंवा लोकमान्य नगरपर्यंत पोचता येतं पण तिथून पुढे काय, शेअर ऑटो सकाळी साडेसातला मिळतो का, हे एक दिवस स्वतः जाऊन बघा. स्टायपेंडमधले दीड-दोन हजार जाण्यायेण्यातच गेले तर तिसऱ्या महिन्यात मन उडतं.

वेळेचं म्हणाल तर विदर्भात उन्हामुळे स्टेट बोर्डाच्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, सीबीएसईवाल्यांचं एप्रिलमधे सुरू होतं. म्हणून फेब्रुवारी-मार्च आणि मे-जून हे दोन मोसम धरा. शाळा उघडल्यावर जाल तर जागा भरलेल्या असतात.

अंगणवाडी सेविका-मदतनीस भरती ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, ती एकात्मिक बालविकास प्रकल्पातून निघते आणि त्यात स्थानिक रहिवासी असायची अट असते. त्याची जाहिरात आली तर ती स्वतंत्र भरा, यात मिसळू नका.

३. कागदपत्रं

एका फाईलमधे हे सगळं ठेवा, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स:

– आधार कार्ड, आणि आधारला तुमचा स्वतःचा चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, वडिलांचा किंवा भावाचा नको कारण ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि ते ऑफिसात असतात
– दहावी, बारावीच्या मार्कशीट आणि टीसी
– बँक पासबुक
– पासपोर्ट साईज फोटो, आठ-दहा
– जातीचा दाखला, डोमिसाईल, असेल तर
– डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट
– पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला

शेवटच्या दोन गोष्टी लोक सगळ्यात शेवटी करतात आणि तिथेच अडकतात. पोलिसांच्या दाखल्याचा अर्ज ऑनलाईन होतो पण मग पोलीस स्टेशनला जावं लागतं, पत्ता तपासतात, भाड्याने राहत असाल तर घरमालकाचे कागद मागतात. ऑगस्ट २०२४ मधे बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना झाली, त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणं यावर कडक आदेश दिले, त्यामुळे आता चांगली संस्था हा दाखला मागणारच. आणि जी संस्था काहीच न विचारता उद्यापासून या म्हणते तिच्याबद्दल तुम्हीच विचार करा, तुमच्यासारखं दुसऱ्या कोणालाही तिने असंच आत घेतलं असेल.

ओरिजिनल मार्कशीट कोणालाही ठेवायला देऊ नका. दाखवा, तपासू द्या, परत घ्या. माझी बारावीची मार्कशीट पहिल्या जागी चार महिने अडकून होती, "सोडून जाशील म्हणून ठेवतो" असं सांगितलं होतं, आणि ती परत आणायला वडिलांना तीन चकरा माराव्या लागल्या. डिपॉझिट मागितलं, युनिफॉर्मचे पाच हजार आधी भरा म्हटलं, तर तिथूनच परत फिरा.

४. पोर्टलवर नोंदणी

अप्रेंटिसशिप इंडिया नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, तिथे उमेदवार म्हणून स्वतःची नोंदणी करायची. फुकट आहे. नेट कॅफेवाला शंभर-दोनशे घेतो ते त्याच्या वेळेचे, पण ईमेल आणि पासवर्ड त्याचा टाकू देऊ नका, तुमचा स्वतःचा टाका आणि वहीत लिहून ठेवा. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. मार्कशीटवर आईचं नाव मधे आणि आधारवर वडिलांचं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर ई-केवायसी अडकतं.

प्रोफाईल पूर्ण झाली की नंबर मिळतो. मग संधी शोधताना नागपूर टाका आणि चाइल्ड केअर, प्रीस्कूल असे शब्द टाकून बघा. बऱ्याचदा पोर्टलवर काहीच दिसत नाही, घाबरू नका. तुम्ही संस्थेत जाऊन बोला, ते तयार असतील तर त्यांच्या लॉगिनमधून संधी टाकतात आणि तुम्ही अर्ज करता, माझंही असंच झालं. अडलं तर सरकारी आयटीआयमधे अप्रेंटिसशिपचं काम बघणारं ऑफिस असतं, सकाळी जा, फाईल घेऊन जा, समोर बसून विचारलं की नीट सांगतात.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी आहे, ती २०२४ मधे सुरू झाली, बारावीला महिना ६०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८०००, पदवीला १०००० असा आकडा होता आणि ती महास्वयं या राज्याच्या रोजगार पोर्टलवरून चालते. दोन्हीत गोंधळ करू नका, एका वेळी एकच.

५. मुलाखत आणि ट्रायलचा दिवस

मुलाखतीत फार काही विचारत नाहीत. लेकरू रडत असेल तर काय कराल, दोघं भांडले तर काय कराल, एवढंच. खरी परीक्षा ट्रायलच्या दिवशी होते. त्या दिवशी कोपऱ्यात उभं राहू नका, सतरंजीवर बसा, लेकरांच्या उंचीला या, आणि लगेच उचलायला जाऊ नका, त्यांना तुमच्याकडे येऊ द्या.

कपडे कॉटनचे, कुर्ता-लेगिंग किंवा साधा ड्रेस. काचेच्या बांगड्या, लोंबते कानातले, सेफ्टी पिना नको, नखं कापलेली. ओढणी घेत असाल तर ती मागे बांधा, लेकरं धरून ओढतात आणि तुम्ही वाकलेल्या असलात तर पडता.

आणि त्या दिवशी तुम्ही पण संस्थेची परीक्षा घ्या. मोजा, एका ताईकडे किती लेकरं आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा लेकरांमागे एक मोठं माणूस आणि तीन ते सहाच्या वीस लेकरांमागे एक असं प्रमाण दिलंय. अठरा रांगती लेकरं आणि एकटी मावशी दिसली तर तिथे तुम्हाला कोणी शिकवणार नाही, शिकवायला कोणाला वेळच नसणार. बाथरूम बघा, साबण आहे का बघा, गेट आतून बंद होतं का बघा. मोठी माणसं लेकरांशी कोणत्या आवाजात बोलतात ते ऐका, अर्ध्या तासात सगळं कळतं.

मुलांसाठी पण सांगते, कारण माझ्यासोबत एक मुलगा होता आणि फार छान काम करायचा. काही ठिकाणी मुलांना डायपर आणि झोपेच्या खोलीत काम देत नाहीत, ते आधीच विचारून घ्या म्हणजे नंतर वाईट वाटत नाही.

६. करार आणि पैसे, हे दोनदा वाचा

२०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड असा दिलाय: दहावीला ६०००, बारावीला ७०००, डिप्लोमाला ८०००, पदवीला ९०००. सही करायच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या, त्याच्या खाली कोणी देत असेल तर सही करू नका.

पैसे दोन तुकड्यांत येऊ शकतात आणि इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. संस्था राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत असेल तर स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं आणि बाकी संस्था देते. म्हणजे ७००० असतील तर संस्थेकडून ५५०० आणि सरकारकडून १५००. मला पहिल्या महिन्यात ५५०० आले, मी अकाउंटवाल्या दादांवर रागावले आणि त्यांची काही चूक नव्हती. सरकारचे पैसे उशिरा येतात आणि जे खातं आधारशी सीड, म्हणजे बँकेत आधारला जोडलेलं आहे त्यात येतात. लाडकी बहीणचे पैसे ज्यांचे भलत्याच जुन्या खात्यात गेले त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे ते आधीच विचारा.

करारात एवढं बघा: किती महिने (सहा महिने ते तीन वर्षं असू शकतो), रोजची वेळ, सुट्ट्या, कोण शिकवणार, शेवटी असेसमेंट म्हणजे परीक्षा कोण घेणार आणि सर्टिफिकेटवर कोणाचं नाव असणार. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्टायपेंड मिळतो का हे विचाराच, नर्सरी बंद असली की "मे महिन्याचं नाही देत" म्हणतात. कराराची प्रत तुमच्या मोबाईलमधे आणि छापील, दोन्ही.

७. पहिला महिना

पहिला आठवडा बहुतेक पुसणं, आवरणं, खेळणी धुणं यातच जातो. ते कामच आहे, त्यात कमीपणा नाही, लेकरं तोंडात घालतात ती खेळणी कोणीतरी धुवायलाच पाहिजे. पण दुसरा महिना संपत आला आणि तुम्ही अजून फक्त पोछाच मारताय, तर करार काढून मॅडमशी शांतपणे बोला.

या महिन्यात शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे बघणं. एक छोटी वही ठेवा आणि रोज एका लेकराबद्दल चार ओळी लिहा, पण जे दिसलं तेच लिहा. "हट्टी आहे" असं लिहू नका. "दहा-वीसला निळा ठोकळा दुसऱ्याने घेतला, ओरडला, मग दाराजवळ जाऊन बसला, पाणी दिल्यावर परत आला" असं लिहा. पंधरा दिवसांनी तीच वही परत वाचली तर कळतं की तो रोज साडेदहाच्या आसपासच चिडतो, म्हणजे त्याला भूक लागलेली असते. आमच्याकडे एका लेकराचा डबा अर्धा तास आधी उघडायला सुरुवात केली आणि चावणं बंद झालं. त्याच्या आईला आम्ही "तुमचा मुलगा चावतो" अशी तक्रार करणार होतो, ती करायची वेळच आली नाही.

नवीन लेकरू रडतं तेव्हा आईला मागच्या दाराने गुपचूप पाठवू नका. सगळीकडे करतात, सोपं वाटतं, पण मग ते लेकरू दिवसभर दाराकडे बघत बसतं. आईला सांगून, टाटा करून जाऊ द्या, रडेल, तुम्ही जवळ बसा. बोला त्याच्या घरच्या भाषेत. नागपुरात एकाच वर्गात मराठी, हिंदी, वऱ्हाडी बोलणारी लेकरं असतात, कोणी "पानी होना" म्हणतं, कोणी "मले पायजे" म्हणतं, त्याला शुद्ध करत बसू नका, पाणी द्या.

पालक विचारतात की एबीसीडी कधी लिहिणार. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यातही या वयात खेळातून शिकण्यावरच भर आहे, पण तुम्ही अप्रेंटिस आहात, पालकांशी वाद घालू नका, टीचरकडे पाठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मधे बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे कोसबाडला आदिवासी लेकरांमधे काम केलं, तिथे दगड, बिया, पानं, शंख-शिंपले हेच साहित्य होतं. मला हे कळलं तेव्हा महागड्या खेळण्यांचं दडपण गेलं. आपल्या अंगणातली पानं, चिंचोके (तीन वर्षांवरच्यांनाच आणि समोर बसून), डाळीचे रिकामे डबे, बस.

८. खाणं, झोप, शी-शू

इथे चूक झाली तर जीवावर बेतते, म्हणून नीट वाचा.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, कडक गोळ्या लहान लेकरांना नाही. चिवड्यातले दाणे वेचून काढा. संत्र्याच्या मोसमात प्रत्येक डब्यात संत्री येतात, बिया काढा, वरची पातळ साल काढा, मग द्या. भरवताना लेकरू बसलेलं पाहिजे, पळता पळता घास नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, आजी म्हणाल्या तरी नाही, पण हे आजींना प्रेमाने सांगा. घशात अडकलं तर काय करायचं, एक वर्षाखाली वेगळं आणि वर वेगळं असतं, हे वाचून येत नाही, संस्थेला प्रथमोपचाराचं ट्रेनिंग मागा आणि बाहुलीवर हात बसेपर्यंत करा.

तान्हं बाळ पाठीवरच झोपवायचं, उशी, जाड गोधडी, टेडी काही जवळ नको. डायपर बदलताना एक हात बाळावरच पाहिजे, सगळं सामान आधी घेऊन मग बाळ ठेवा. प्रत्येक वेळी साबणाने हात. औषध पालकांनी लिहून दिल्याशिवाय नाही, साधं तापाचं पण नाही. बाळ उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नाही, माझी पाठ दुसऱ्या महिन्यातच धरली होती. पहिल्या पावसाळ्यात तुम्हाला पण सर्दी-खोकला होणारच, लेकरांसोबत सगळ्यांना होतो.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन लेकरं येतात, फार गोड दिवस असतो तो, पण आदल्या दिवशी पालकांना निरोप द्या आणि सकाळी प्रत्येक नंदीची चाकं आणि खिळे बघा, रंग निघत असेल तर तो नंदी टेबलावर ठेवा, कारण दोन वर्षांचं लेकरू नंदीचं शिंग आधी तोंडात घालतं.

९. नागपूरचा उन्हाळा

मार्च संपत आला की बाहेरचा खेळ सकाळी नऊच्या आत. दर अर्ध्या तासाने पाणी, मागायची वाट बघू नका, लहान लेकरांना तहान सांगता येत नाही. डायपर तीन-चार तास कोरडा राहिला किंवा लेकरू नेहमीपेक्षा सुस्त पडलं तर लगेच मॅडमना सांगा. ओआरएसची पाकिटं कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

आणि कूलर. आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. कूलर लेकरांच्या हाताला लागेल असा नको, पाणी भरताना प्लग काढलेला पाहिजे, ओल्या फरशीवर लेकरं नको. हे तुमचं काम नाही असं कोणी म्हटलं तरी सांगा.

१०. लेकरांची सुरक्षा

लेकरांचे फोटो तुमच्या स्टेटसला नाही, कितीही गोड असले तरी. घ्यायला कोण येणार ती नावं रजिस्टरमधे असतात, त्यातलं नसेल तर "मी मामा आहे" म्हटलं तरी सोडायचं नाही, आईला फोन लावायचा. बंद दाराआड एकटं कोणीही लेकरासोबत नाही, तुम्ही पण नाही.

एखाद्या लेकराच्या अंगावर वळ दिसले, ते काही विचित्र बोललं, एखाद्या माणसाला बघून घाबरलं, तर त्याला खोदून खोदून विचारू नका. जे बोललं ते त्याच्याच शब्दात लिहा, वेळ टाका, मुख्य मॅडमना सांगा. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, यात अप्रेंटिस पण आली. संस्था "आपण आतच बघू" म्हणाली तरी ती जबाबदारी जात नाही. चाइल्ड हेल्पलाईन १०९८, फोनमधे सेव्ह करा.

११. सोबत कोर्स करायचा असेल तर

इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) बालसंगोपन आणि बालशिक्षणाचा डिप्लोमा आहे, बारावीवर होतो, एक वर्षाचा, आणि इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. काम करता करता होतो, मी तेच केलं. रोजच्या वहीतल्या नोंदी त्याच्या प्रॅक्टिकलला कामी आल्या.

प्रायव्हेट नर्सरी टीचर ट्रेनिंगच्या जाहिराती चौकाचौकात लागलेल्या असतात, "सरकारमान्य" लिहिलेलं असतं. विचारा की कोणाची मान्यता, एनसीटीईची (शिक्षकांच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची परिषद) आहे का, आणि कागद दाखवा म्हणा. तिथे शिकवत नाहीत असं नाही, पण तीस हजार भरून मिळालेला कागद पुढे कुठे चालणार नसेल तर ते आधी माहीत पाहिजे.

१२. करार संपायच्या एक महिना आधी

असेसमेंटची तारीख विचारा. शेवटचा स्टायपेंड आणि सरकारचे राहिलेले हप्ते पासबुकात तपासा. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात तारखा, किती वयाच्या लेकरांसोबत काम केलं, आणि काय काय केलं (जेवण, झोप, निरीक्षणाच्या नोंदी, गोष्टी-गाणी) असं स्पष्ट लिहून मागा, "कामात प्रामाणिक आहे" एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. आणि लेकरांना सांगून निघा. मी शेवटच्या आठवड्यात रोज सांगायची की शुक्रवारनंतर ताई येणार नाही, एक जण रोज विचारायचा "उद्या शुक्रवार?", आणि शुक्रवारी त्याने स्वतःच टाटा केला.